भावाच्या नावावर घेतलेलं रेझर

माझ्या आयुष्यातलं पहिलं रेझर मी भावासाठी म्हणून विकत घेतलं. मला भाऊ नाही. आईवडिलांची मी एकुलती एक. पण दुकानदारानं "कुणाला हवंय?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून भाऊ बाहेर पडला. पुढच्या पाच मिनिटांत त्याला वय आलं, स्वभाव आला, तोंडावर पुळ्या आल्या. आज पन्नाशी ओलांडल्यावर तो मुलगा आठवला की मला त्याच्याविषयी माया वाटते. बिचाऱ्यानं माझ्यासाठी बरंच सोसलं.

आम्ही विश्रांतवाडीत राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीला लागून एक खिडकी. विमानतळ जवळ असल्यामुळे हवाई दलाची विमानं अगदी डोक्यावरून जायची आणि ताटल्या मांडणीवर थरथरायच्या. आमच्या घरात सगळ्यांना वाक्य मध्येच तोडायची सवय लागली होती. अर्धं वाक्य तोंडात धरून बसायचं, आवाज विरला की उरलेलं बोलायचं. पाहुण्यांना हे जमायचं नाही. ते ओरडून बोलत राहायचे आणि आम्ही त्यांच्याकडे शांतपणे बघत बसायचो.

बाबा खडकीला कारखान्यात फिटर होते. मूळचे भंडाऱ्याकडचे. विशीत नोकरीसाठी पुण्याला आले, पण बोलणं तिकडचंच राहिलं. आई बोपोडीची, म्हणजे पुण्याचीच. तिचं मराठी शाळेतल्या बाईंसारखं धुतलेलं. मी घरात दोन मराठी ऐकत वाढले, पण रागावून एकाच मराठीत घेतलं. आई रागावली की थोडक्यात रागवायची. "शाब्बास," एवढंच म्हणायची, की आपण काय केलंय ते आपलं आपल्याला कळायचं. बाबा रागवायचे नाहीत. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की ते स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचे आणि पाटवडीचा रस्सा करायचे. बेसन घोटून ताटात थापायचे, त्याच्या वड्या कापायचे, खोबरं आणि कांदा भाजून पाट्यावर वाटायचे. वरवंट्याचा तो घसरता आवाज, भाजलेल्या खोबऱ्याचा वास आणि बाबांचं गुणगुणणं. आठवड्यातला तेवढा वेळ मला आमचं घर फार मोठं वाटायचं.

माझ्या हनुवटीवरचा पहिला केस आईनंच पाहिला. मी सतरा-अठरा वर्षांची असेन. वेणी घालताना तिनं माझा चेहरा उजेडाकडे वळवला. मग भुवयांचा चिमटा आणून तिनं तो केस उपटला आणि कुणाला सांगू नकोस म्हणाली. पुढच्या महिन्यात चार होते. वर्षाच्या शेवटी आम्ही मोजायचं सोडून दिलं. हळद आणि डाळीचं पीठ झालं, कच्ची पपई झाली, साखर-लिंबाचा चिकट पाक करून झाला. ब्लीचनं एकदा कातडी अशी भाजली की आठ दिवस मी आरशासमोर गेले नाही. पार्लरमधली मुलगी सगळ्यांदेखत विचारायची, "ताई, दाढीचं पण करायचं ना?" तिच्या मनात वाईट काही नसायचं. पण मी त्या पार्लरचा रस्ता सोडला.

या सगळ्या उपायांत एकच गोष्ट बंद होती. पातं. "एकदा का पातं लागलं, की मग बाप्यासारखी दाढी येते," असं आई म्हणायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, पार्लरवालीही म्हणायची. मीही ते मानत होते. त्यामुळे बाबांचं दाढीचं सामान खिडकीच्या फळीवर समोर दिसत असूनही मी त्याला कधी हात लावला नाही. विजेच्या उघड्या तारेपासून जसं आपण लांब राहतो, तशी मी त्या फळीपासून लांब राहायचे.

संगणकाची पदविका घेऊन मी आधी एका लहान कंपनीत माहिती भरायचं काम केलं आणि मग हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागले. तेव्हा हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि दोन इमारतींच्या मध्ये अजून ज्वारी डुलायची. कंपनीची बस आमच्या बाजूनं फार लवकर निघायची. थांब्यापर्यंत मी स्कार्फ गुंडाळून जायचे. पुण्यातल्या मुली तोंडाला स्कार्फ बांधून गाड्यांवर फिरतात याची बाहेरची माणसं थट्टा करतात. मला मात्र ही पद्धत ज्या कुणा मुलीनं सुरू केली तिचे पाय धरावेसे वाटायचे. पण ऑफिसात स्कार्फ काढावाच लागायचा. वरून पांढराशुभ्र उजेड पडायचा, आणि त्या उजेडात लपायला जागाच नव्हती. म्हणून मला हनुवटीवर हात ठेवून बसायची सवय लागली. मीटिंगमध्ये मी तासन् तास तशी बसायचे. टीममधली मुलं मला "विचारवंत" म्हणू लागली. "सुजाता मॅडम डीप थिंकिंगमध्ये आहेत, डिस्टर्ब नका करू यार." माझा नवरा त्याच टीममधला. आपण त्या विचारी मुद्रेवरच भुललो असं तो अजून सांगतो. त्या मुद्रेमागे काय होतं ते मी त्याला लग्नाच्या बरंच आधी सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "म्हणजे तू विचार करत नव्हतीस?" त्याला खरोखर थोडं वाईट वाटलं होतं.

पण ते नंतरचं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि रोज बसच्या आधी तासभर चिमटा घेऊन बसत होते. उपटून उपटून कातडी काळवंडली होती. केस आतल्या आत वळायचे, त्यांच्या गाठी व्हायच्या, गाठी पिकायच्या. एक दिवस जेवणाच्या सुटीत सगळे खाली गेले असताना मी ऑफिसच्या संगणकावर शोधलं. दोन बोटांनी, घाबरत, स्पेलिंग चुकवत. आणि समोर जगभरच्या बायका आल्या. कुठल्या कुठल्या देशांतल्या. मी शिक्षिका आहे, मी रोज दाढी करते. मला तीन मुलं आहेत, मी आंघोळीच्या वेळी करते. पात्यानं केस वाढत नाहीत, हेही त्यात पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं. मी ते चार वेळा वाचलं. मग मागे पावलं वाजली आणि मी घाईघाईनं खिडकी बंद केली. दुपारभर मी काय काम केलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की त्या दिवशी माझा हात हनुवटीवरून दोनदा तीनदा आपोआप खाली आला होता.

पुढे एका डॉक्टरांनी या सगळ्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या. नाव कळल्यानं बरं वाटलं. केस होते तेवढेच राहिले.

रेझर घ्यायला मी बिबवेवाडीला गेले. विश्रांतवाडीहून बिबवेवाडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. स्वारगेटला बस बदलावी लागायची. तिकडे आमच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं, म्हणूनच ते निवडलं. शनिवारी सुटी होती. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते.

दुकान साधंच होतं. उजव्या बाजूच्या फळ्यांवर बायकांचं सगळं. क्रीम, पिना, टिकल्या, एक केस काढायचं मलम, त्याच्या खोक्यावर गुळगुळीत पायाचं चित्र. डाव्या बाजूला पुरुषांचं. निळी, हिरवी, काळी पाकिटं आणि त्यांवर चौकोनी जबड्याचे पुरुष, गाल किंचित वळवून. मी आयुष्यभर दुकानांच्या उजव्या बाजूला उभी राहत आले होते. डावीकडे सरकले तेव्हा चुकून पुरुषांच्या डब्यात चढल्यासारखं वाटलं. गल्ल्यामागे साठीचे एक गृहस्थ होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा दोरीनं गळ्यात.

"काय पाहिजे?"

"रेझर."

"कुणाला हवंय?"

"भावाला."

"दाढी राठ आहे का मऊ?"

मला विचार करावा लागला. "थोडी राठ. हनुवटीला."

"वय?"

"अठरा."

"पुळ्या येतात?"

"फार."

"आत्तापर्यंत काय करत होता?"

"उपटायचा," मी म्हणून गेले.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. "आपले बंधू दाढी उपटतात?"

"हो."

"अवघड आहे," ते म्हणाले, आणि वळून त्यांनी एक पाकीट काढलं. "हे न्या. दोन पात्यांचं. त्यांना सांगा, कोमट पाणी घ्यायचं आणि घाई करायची नाही. आणि पुढच्या खेपेला त्यांनाच पाठवा. दाढी आली आहे आणि दुकानात यायची लाज वाटते, असं करून कसं चालेल?"

"सांगते," मी म्हटलं.

महिन्याच्या त्या वस्तू आम्हाला दुकानात कागदात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून मिळायच्या. रेझर त्यांनी तसंच माझ्या हातात ठेवलं. पुरुषांच्या गोष्टींना झाकायची पद्धतच नाही. मीच ते ओढणीच्या आड धरलं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मला हसू येत होतं, आणि त्यांचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवत होते. त्या माणसानं मला न ओळखता माझ्याशी किती नीट बोलून घेतलं होतं.

हल्ली मॉलमध्ये बायकांची म्हणून गुलाबी रेझरं मिळतात, मुठीवर फुलं काढलेली. हौसेनं मी एकदा आणलं. ते पायांसाठीच बनवलेलं असावं, हनुवटीशी त्याचं जमेना. मी पुन्हा डाव्या बाजूला गेले, आणि नवऱ्याचं माझं भांडण होतं ते माझं रेझर तो न विचारता वापरतो यावरूनच.

तर ते पाकीट मी घरी आणलं आणि कपाटात लोकरीच्या मोज्यांत लपवलं. दोन आठवडे तिथेच ठेवलं. धीर होत नव्हता. एवढं जाऊन आणलं, पण आईचं वाक्य कानात होतं. आणि याच दिवसांत विहारातल्या एका काकांनी स्थळ आणलं. मुलगा आमच्याच समाजातला, नागपूरचा, पुण्यात दुसऱ्या एका कंपनीत होता. रविवारी अकराला येणार होते. याआधी एक स्थळ आलं होतं. ते लोक हसून बोलून गेले होते आणि मग निरोप आला, मुलीचा चेहरा जरा राकट वाटतो. आईनं मला सांगितलं की पत्रिका... नाही, पत्रिका आमच्यात बघत नाहीत, तिनं सांगितलं की मुलाला परदेशी जायचंय. पण भिंतीपलीकडून मी खरं ते ऐकलं होतं, आणि त्यानंतर बराच वेळ आईचं मुसमुसणंही ऐकलं होतं.

त्या रविवारी माझ्या हनुवटीवर दोन गाठी पिकलेल्या होत्या. चिमटा लावणं शक्य नव्हतं. पाच-सहा दिवसांचे केस तसेच होते. पाहुणे नागपूरकडचे म्हणून बाबा सकाळपासून पाटवडीला लागले होते. आई चादरी बदलत होती. मी मोज्यांतून पाकीट काढलं, मोरीत गेले, कडी लावली. अंगाचा साबण हनुवटीला चोळला आणि रेझर खालून वर ओढलं. जाहिरातीत पुरुष ओढतात तसं, झोकात. गाठीवरून गेलं आणि कापलं. आधी काही वाटलं नाही. मग बादलीतल्या पाण्यात लाल थेंब पडायला लागले आणि थांबेनात.

"सुजा, झालं का? साडेनऊ वाजले," आईनं दार वाजवलं. मी ओढणी दाबून धरली, ती भिजली. दुसऱ्यांदा आईनं दार वाजवलं तेव्हा मी कडी काढली, दुसरं काय करणार.

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"हे काय आहे?"

"रेझर."

"ते दिसतंय मला. कुणाचं?"

"माझं."

ती मोरीच्या उंबऱ्यावर खाली बसली. अगदी सावकाश, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बाईसारखी. "आज सुचलं तुला हे," ती म्हणाली. "आजच. आता झालं. आता येईल बाप्यासारखी दाढी. इतकी वर्षं मी एकेक केस उपटून..." विमान नव्हतं, काही नव्हतं, तरी तिचं वाक्य अर्धं राहिलं.

बाबा आले. दोन्ही हातांना बेसन लागलेलं. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, नळाखाली हात धुतले, पुसले, आणि खिडकीच्या फळीवरून तुरटीचा खडा आणला. तो ओला करून त्यांनी माझ्या जखमेवर दाबला. डोळ्यांतून पाणी आलं इतकं झोंबलं. ते दाबून उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कोनत्या बाजूनं फिरवलं?"

"खालून वर."

"काहून? पहिल्याच दिवशी उलटं फिरवते का कोनी?" मग ते म्हणाले, "ये इकडे, उजेडात."

त्यांनी मला खिडकीजवळ स्टुलावर बसवलं. गॅसवरून गरम पाण्याचं पातेलं आणलं, मगात थोडं ओतलं, ब्रश भिजवला, साबणाच्या वडीवर गोल गोल घुमवला. लहानपणापासून तो आवाज मी दुरून ऐकत आले होते. आता तो माझ्या कानाशी होता. आई उंबऱ्यावरून म्हणाली, "अहो, तुम्ही काय पोरीला दाढी करायला शिकवताय?"

"पोरगी शिकूनच राहिली होती," बाबा म्हणाले. "चुकीचं शिकून राहिली होती."

त्यांची स्वतःची दाढी सकाळीच झालेली होती. तरी त्यांनी आपल्या गुळगुळीत गालावर पुन्हा फेस लावला, आणि मग माझ्या हनुवटीवर. ब्रशचे केस मऊ होते, फेस ऊबदार. इतक्या वर्षांत माझ्या हनुवटीला कुणी लावलेली पहिली न दुखणारी गोष्ट. आरसा खिडकीत खिळ्याला टांगलेला होता. त्यात आम्ही दोघं एकाच साबणात दिसत होतो. ते माझ्याकडे बघत नव्हते, आरशातल्या माझ्याकडे बघून बोलत होते. मला वाटतं तेच त्यांनाही सोपं गेलं. "केस नरम होऊ दे. मग कातडी अशी तानून धर. जोर नको लावू, रेझरचं वजन पुरते. वरून खाली. गाठ आली का तिले सोडून दे, तिच्या बाजूनं जा." ते आपल्या गालावर एक पट्टा ओढायचे, मी माझ्या हनुवटीवर एक. पाण्यात रेझर हलवायचं, पुन्हा एक. तिसऱ्या खेपेपासून माझा पट्टाही सरळ जाऊ लागला.

"माझ्या मायलेही होती," बाबा अचानक म्हणाले.

"काय?"

"दाढी. हनुवटीलेच, अशीच. तिले जवळचं दिसत नव्हतं, त मीच बसून उपटून द्यायचो. बोटाले राख लावून. मी पाच-सहा वर्षांचा असन. मले वाटे, सगळ्याच्याच मायले असते."

मी आजीला पाहिलेलं नाही. बाबा पुण्याला येण्याआधीच ती गेली. घरात तिचा फोटोही नव्हता. त्या क्षणी मला ती पहिल्यांदा दिसली. उन्हात बसलेली, मान वर केलेली, आणि समोर राखेच्या बोटांचे माझे बाबा.

उंबऱ्यावर हालचाल झाली. आई उठून उभी राहिली होती. "म्हणजे हे तुमच्याकडून आलंय," ती म्हणाली.

"आलं असन."

"आठ वर्षं," आई म्हणाली, "आठ वर्षं मी समजतेय की ही पोटात असताना मी गरम गरम खाल्लं, म्हणून हिला हे झालं. सुंठ खाल्ली, गूळ खाल्ला, सासूबाई नव्हत्या, कुणी सांगणारं नव्हतं, म्हणून. आणि तुम्हाला माहीत होतं."

बाबांचा हात गालावर थांबला. त्यांना हे खरोखरच ठाऊक नव्हतं. "तू कधी इचारलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"आणि तुम्हाला सांगता आलं नाही. शाब्बास." तिनं पदरानं डोळे पुसले. मग नाक वर करून वास घेतला आणि म्हणाली, "रस्सा लागतोय खाली," आणि आत गेली. पण तिचा आवाज बदलला होता. त्यात काहीतरी सैल झालं होतं. आत ती रस्सा ढवळत होती आणि मध्येच एकटीच हसली, ते मला ऐकू आलं. स्वतःला गुन्हेगार समजत जगलेल्या माणसाला कुणीतरी सोडून दिलं की ते कसं हसेल, तसं.

पाहुणे अकराच्या ठोक्याला आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. माझी हनुवटी गुळगुळीत होती, तिथे वारा लागला की गार वाटत होतं, आणि मधोमध जखमेवर कागदाचा तुकडा चिकटवलेला होता, बाबांच्या पद्धतीनं. सगळ्यांनी पाटवडीचं कौतुक केलं. मामांनी रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. मग मुलाच्या आईनं विचारलं, "हनुवटीला काय लागलं गं?"

आई म्हणाली, "ते ना, कपाटाचं दार..."

मी आईकडे पाहिलं. ती पुन्हा एक ओझं उचलायला निघाली होती. मी म्हटलं, "दाढी करताना कापलं."

नेमकं तेव्हाच विमान गेलं. ताटल्या थरथरल्या. मुलाच्या आईनं कानाशी हात नेला आणि ओरडून विचारलं, "काय म्हणालीस?" आम्ही तिघं सवयीनं गप्प बसलो. ते काही सेकंद मला पुरले असते. दार म्हणता आलं असतं, विळी म्हणता आली असती. आवाज विरला. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

"दाढी करताना कापलं," मी पुन्हा म्हणाले. "मला हनुवटीवर केस येतात. आज पहिल्यांदा रेझर वापरलं."

मामा हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग दुसरं कुणीच हसत नाही हे पाहून त्यांनी पाणी मागितलं. मुलाची आई आपल्या ताटलीकडे बघत राहिली. तेवढ्यात तो मुलगा, जो तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता, मला म्हणाला, "टेस्टिंग म्हणजे मॅन्युअल करता की ऑटोमेशन?" मी सांगितलं. त्यानं पुढचा प्रश्न विचारला. त्या मुलाशी माझी पुन्हा कधी भेट झाली नाही, पण तो भला माणूस होता आणि त्याचं चांगलं झालं असावं असं मी मनाशी धरून चालते.

बुधवारी काका निरोप घेऊन आले. नकार होता. "मुलगी हुशार आहे, पण फारच मोकळं बोलते, असं म्हणाले," काका खाली बघत म्हणाले. आईनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर ती कप विसळत म्हणाली, "बोलण्यावरून नाकारलंय. चेहऱ्यावरून नाही." आणि त्यात तिला जवळजवळ समाधान वाटत होतं. मला तर अंगावरचं ओलं घोंगडं कुणी काढून घेतल्यासारखं झालं. आधीच्या नकाराचं खरं कारण मला भिंतीपलीकडून ऐकावं लागलं होतं. या वेळी जे काही होतं ते मी स्वतः सांगितलेलं होतं, आणि सांगूनही घर जागेवर होतं, आई कप विसळत होती, संध्याकाळच्या भाजीचं बघायचं होतं.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर बाबा म्हणाले, "चल, दुकानात जाऊन येऊ." आमच्या कोपऱ्यावरचं दुकान. पेन्सिली, वह्या, दूध, पाव, सगळं लहानपणापासून मी तिथूनच आणलेलं. रविवारची गर्दी होती. आमच्या मागे गायकवाड काकू उभ्या होत्या, आमच्या दोन घरं पलीकडे राहणाऱ्या. आमच्या चाळीतली कुठलीही बातमी त्यांना कळली की सगळ्यांना कळली असं समजायचं. बाबांनी गल्ल्यावर हात टेकले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "दोन रेझर द्या. एक माझं, एक पोरीचं."

माझे कान तापले. दुकानदारानं मागे वळून फळीकडे हात नेला आणि तसाच थांबून विचारलं, "तुमचं माहीत आहे. ताईंना कुठलं?"

बाबा माझ्याकडे वळले. "सांग."

"दोन पात्यांचं," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

दुकानदारानं दोन्ही पाकिटं काचेवर ठेवली. मागून गायकवाड काकू म्हणाल्या, "झालं असेल तर सरका जरा बाजूला. पाव संपतील."

आम्ही सरकलो. काकूंनी पाव घेतले आणि त्याही आमच्याबरोबरच निघाल्या. घरापर्यंतच्या रस्त्यात मी वाट बघत होते, आता विचारतील, आता विचारतील. काकू पूर्ण रस्ताभर नळाला पाणी कसं अवेळी येतं, कुणाकडे तक्रार करून उपयोग नाही आणि परवा त्यांचं पिंप कसं अर्धंच भरलं, हे सांगत होत्या. बाबा "हो ना" म्हणत होते. मीही "हो ना" म्हणू लागले. नळाच्या पाण्याविषयी इतक्या आनंदानं मी पुन्हा कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही.